पाप ओळखणारं कुलूप

"बोला, कवाडनाथ महाराज की..."

"जय!"

बारामती एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला सोपानतात्यांची बारा खोल्यांची चाळ आहे. त्या रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाराही खोल्यांचे भाडेकरू होते, आजूबाजूच्या चाळींचे मालक होते, आणि पाळी संपवून घरी निघालेली माणसं मोटारसायकली स्टँडला लावून टाचा उंचावून बघत होती. सगळ्यांची नजर चार नंबरच्या दारावर. दाराला काळं चकचकीत कुलूप, कुलपावर चिकटवलेलं पितळी यंत्र, यंत्राला हळदकुंकू आणि वर झेंडूची माळ. देवाला घालून उरलेली होती, ती कुलपाला घातली होती.

महाराज दारापासून दहा पावलांवर उभे होते. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षांमध्ये ओवलेल्या जुन्या किल्ल्या. मान हलवली की किल्ल्या वाजायच्या, म्हणून महाराज मान फार हलवायचे.

"मंडळी, कुलूप म्हणजे काय? कुळाचा लोप होऊ देत नाही ते कुलूप! बाजारात मिळतं ते नुसतं लोखंड. या कुलपात आम्ही एकवीस दिवस बसून प्राण ओतलेत. हे बोट बघत नाही, बोटामागचं मन बघतं! मन निर्मळ, दार मोकळं. मनात पाप, दार बंद!"

मग त्यांनी उजवा हात वर केला. त्यांचे शिष्य म्हस्कू, पन्नाशीचे, पोट सुटलेले गृहस्थ, एक हात खांद्यावरच्या झोळीत घालून डोळे मिटून उभे राहिले.

"ॐ कवाडाय नमः! खुल खुल स्वाहा!"

टिंग! यंत्राच्या खाली हिरवा दिवा लागला, आतली कडी सरकल्याचा आवाज आला आणि कुणीही हात न लावता दार वीतभर आत गेलं.

अंगणातून असा काही सुस्कारा निघाला की झाडावरचे कावळे उडाले. दोन म्हाताऱ्यांनी तिथंच जमिनीला डोकं टेकलं. सोपानतात्यांच्या अंगावर काटा आला. खरं तर त्या दाराची चौकट गवंड्याने तिरकी बसवली होती. कडी काढली की ते दार पहिल्या दिवसापासून आपल्या आपण वीतभर आत जायचं, आणि त्यावरून तात्या गवंड्याशी चांगले दोन महिने भांडले होते. पण त्या घटकेला हे भांडण काही तात्यांना आठवलं नाही. माणसाला चमत्कार बघायचा असला की स्वतःच्या घराची चौकटसुद्धा दिसत नाही.

तात्या तसे भोळे नव्हते. कऱ्हाटीत त्यांचा चाळीस वर्षं ऊस होता, साखर कारखान्याच्या सभेत उठून प्रश्न विचारणारा सभासद म्हणून त्यांचा दरारा होता. पण चाळ बांधली आणि त्यांनी हात टेकले. भाडेकरू यायचे, जायचे, जाताना किल्ली न्यायचे. प्रत्येक वेळी नवं कुलूप. जुन्या कुलपांचं एक पोतं कऱ्हाटीच्या घरी माळ्यावर पडलं होतं. त्यातच गेल्या वर्षी दिसायला गरीब गायीसारखा असलेला एक जण पंखा, आरसा आणि मोरीतल्या नळाची तोटीसुद्धा काढून घेऊन पसार झाला. तोटी गेल्याचं दुःख तात्यांच्या फार मनाला लागलं होतं. 'मला माणूस ओळखता आला न्हाय,' हे ते चारचौघांत म्हणायचे आणि एकटे असताना जास्त म्हणायचे.

म्हणून ते बारामतीतल्या एका दुकानात स्मार्ट कुलूप बघायला गेले. दुकानदाराने समोर सात-आठ मांडली. हे बोटानं उघडतं, हे आकड्यानं, हे कार्डानं, हे मोबाइलवरून. याला सेल लागतात, याला अडीअडचणीला साधी किल्लीपण आहे.

"तात्या, आधी एक सांगा. ॲडमिन कोण राहणार?" दुकानदाराने विचारलं.

"कोण म्हंजे?"

"म्हणजे कुलपाचा कारभार कुणाच्या मोबाइलवर ठेवायचा? भाड्याच्या खोलीला तोच मोठा प्रश्न असतो. कुणाचं बोट नोंदवायचं, कुणाचं काढायचं, ते त्याच्या हातात."

तात्यांना त्या कारभारात गोडी नव्हती. त्यांनी पुढं वाकून हळूच विचारलं, "ह्यातलं वाईट मानूस वळखणारं कंचं?"

दुकानदार हसला. "तात्या, कुलूप फक्त बोट ओळखतं. माणूस आपला आपणच ओळखायचा."

मग कसलं डोंबलाचं स्मार्ट, असं म्हणत तात्या घरी आले. आणि नेमकं जे दुकानात नव्हतं, ते पुढच्याच आठवड्यात एका पाहुण्याच्या ओळखीने कवाडनाथ महाराज झोळीत घेऊन आले. दक्षिणा किती दिली ते तात्यांनी आपल्या बायकोला, छबूबाईंनाही सांगितलं नाही, यावरून काय ते समजावं. आठवडाभर म्हस्कू ड्रिल मशीन घेऊन बाराही दारांची प्राणप्रतिष्ठा करत होते.

दार उघडल्याच्या जयजयकारानंतर बोटदीक्षा सुरू झाली. भाडेकरूने आपापल्या दाराशी उभं राहायचं आणि उजव्या हाताचं बोट कुलपावर सात वेळा टेकवायचं. महाराज दर वेळी एक मंत्र म्हणणार, म्हस्कू झोळीत हात घालून जप करणार.

पहिला आला नऊ नंबरचा रणजित. एका कारखान्याच्या गेटवर बसून पास लिहिणारा, केसांना तेल, बोटात अंगठी. चाळीतल्या गाड्यांतलं पेट्रोल रोज थोडं थोडं कमी होतं आणि रणजितची गाडी मात्र कधीच पंपावर दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक श्वास रोखून बघू लागले. सातव्या मंत्राला टिंग! हिरवा दिवा. रणजितच स्वतः इतका चकित झाला की त्याने महाराजांच्या पायावर लोटांगण घातलं.

असे अकरा हिरवे दिवे लागले. शेवटी चार नंबरची सारजा पुढं आली.

सारजा मूळची पळसदेवची. नवरा उजनी धरणाच्या पाण्यात मासे धरतो. लेक छकुली शिकावी म्हणून ही बारामतीला आली आणि एका दूध प्रकल्पात कॅन धुण्याच्या कामाला लागली. दिवसभर कढत पाणी आणि सोडा. कमी बोलणारी, उंबरा रोज स्वच्छ पुसणारी बाई. तिने बोट ठेवलं. टूं टूं टूं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. लाल. दुसरं बोट, डावा हात, अंगठा. लाल, लाल, लाल.

म्हस्कूंनी डोळे उघडून महाराजांकडे बघितलं. कुलूप असं का करतंय ते महाराजांनाही कळेना. पण बाबा लोकांना 'कळत नाही' असं म्हणता येत नाही, त्यांचा धंदाच बसतो. महाराजांनी मान हलवून किल्ल्या वाजवल्या.

"बाई, कुलूप तुला नाकारतंय. काय केलंयस ते तुझं तू आठव."

"म्या कायबी केलं न्हाय, महाराज."

"हेच कुलपाला पटत नाहीये."

कुणीतरी हसलं. मग नऊ वर्षांची छकुली पुढं झाली, तिने बोट टेकवलं, आणि सातव्या खेपेला टिंग! "बघा!" महाराज ओरडले, "लेकराच्या पुण्याईवर आईला आसरा!" पुन्हा जयजयकार.

त्या दिवसापासून सारजाचे हाल सुरू झाले. तिची पाळी तीनला सुटायची, छकुलीची शाळा पाचला. आकड्यांची पाटी महाराजांनी 'आकडा हा कलीचा मार्ग' म्हणून बंद करून टाकली होती. त्यामुळे रोज दोन तास सारजा आपल्याच खोलीच्या पायरीवर बसून राहायची. ओल्या साडीत, डबा मांडीवर घेऊन. येणारा जाणारा बघायचा. दुसऱ्या चाळीतली माणसंसुद्धा 'पापाची बाई' बघायला वाकडी वाट करून यायची.

आणि मग प्रत्येकाला काही ना काही हरवल्याचं आठवू लागलं. एकीची वाटी, एकाची चप्पल, कुणाचा वाळत घातलेला टॉवेल. वाटी तीन वर्षांपूर्वी हरवली होती, तेव्हा सारजा पळसदेवला होती, पण हिशोब सारजाच्या नावावर. इतकंच काय, गाड्यांतलं पेट्रोलही तीच नेते असं ठरलं. सारजाकडे सायकलसुद्धा नव्हती.

महिन्याने एक कुलूप अधूनमधून केविलवाणं ओरडू लागलं. महाराज आले, दार लावून आत बसले, अर्ध्या तासात 'कुलपाला नैवेद्य' दाखवून बाहेर आले. ओरडणं थांबलं. "चार नंबरच्या पापाचा भार बाकीच्या कुलपांवर पडतोय," त्यांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं. "ती खोली रिकामी करा. नाहीतर एकेक कुलूप निद्रिस्त होईल."

तात्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पण भाडेकरू मागं लागले होते. शेवटी त्यांनी सारजाला येत्या रविवारी दुपारपर्यंत खोली सोडायला सांगितलं.

"तात्या, खोलीचं जाऊ द्या," सारजा म्हणाली. "पर हितनं आशी निघाले तर कारखान्यात कोन ठिवंल? आन् छकुलीला साळंत काय म्हनतील?"

तात्या जमिनीकडे बघत अंगणाबाहेर पडले.

तो रविवार उजाडला. महाराजांनी त्याच दिवशी शेजारच्या मालकांना परत एकदा चमत्कार दाखवायचं ठरवलं होतं, त्यामुळे पुन्हा मांडव, पुन्हा माळा. कऱ्हाटीहून छबूबाई आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर तात्यांची लेक रोहिणी. रोहिणी पळसदेवच्या शाळेत विज्ञान शिकवते. आदल्या दिवशी आईला आधारच्या कामाला नेण्यासाठी ती माहेरी आली होती.

अंगणात शिरताच तिला एका कडेला बांधलेलं बोचकं, गुंडाळलेलं अंथरूण आणि त्यावर बसलेली छकुली दिसली. शेजारी सारजा.

"कुठं निघालात?" रोहिणीने विचारलं.

सारजाने सगळं सांगितलं, मंत्राच्या वेळी म्हस्कूंचा हात झोळीत असतो तेसुद्धा. रडली नाही. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी आमच्या गावात शिकवता. उजनीचं पानी उतारलं की जुनं देऊळ दिसतं. भायेरची मानसं हात जोडत्यात, देव वर आला म्हनत्यात. आमी म्हनतो, पानी खाली गेलं. ह्या कुलपात बी आसंच कायतरी आसंल. पर मला ते दावता येत न्हाय."

रोहिणीने तिचा हात हातात घेऊन बोटांची टोकं बघितली. मग आईकडे बघितलं. आणि म्हणाली, "बोचकं सोडू नका, पण उचलूही नका. आई, पोहे कर. भरपूर."

"आत्ता? हितं?"

"व्हय. पाव्हणे आलेत ना."

महाराजांनी किल्ल्या वाजवून सुरुवात केली. कुलूप, कूळ, लोप, प्राण, सगळं यथासांग झालं. चार नंबरचं दार बंद करण्यात आलं. म्हस्कू झोळीत हात घालून डोळे मिटणार, एवढ्यात रोहिणी समोर उभी. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्या हातात चहाची कपबशी.

"म्हस्कूकाका, सकाळपासून उपाशी असाल. घ्या."

म्हस्कू घोटाळले. पण पोह्यांवर ओलं खोबरं होतं, कोथिंबीर होती, आणि आग्रह माहेरवाशिणीचा होता. पंगतीला बसलेल्या कुठल्या सज्जनाला नाही म्हणता आलंय? त्यांनी उजव्या हातात बशी घेतली, डाव्या हातात चहा. झोळी खांद्यावर तशीच लोंबत राहिली.

"ॐ कवाडाय नमः! खुल खुल स्वाहा!"

काही नाही.

"खुल खुल स्वाहा!"

दार ढिम्म. म्हस्कूंचे डोळे बशीवरून चहावर आणि चहावरून महाराजांवर फिरू लागले. चहा ठेवायचा तर कुठं? गर्दीत जमीनच दिसत नव्हती.

"स्वाहा!! अरे, स्वाहा!!"

मागून एक म्हातारा म्हणाला, "महाराज, धक्का मारू का जरा?"

महाराजांना घाम फुटला, पण गडी अनुभवी. त्यांनी सारजाकडे बोट दाखवलं. "ही बाई अजून अंगणात आहे! हिच्या सावलीनं कुलूप मूर्च्छित झालंय!"

सारजा उठून उभी राहिली. छकुलीने तिचा पदर गच्च धरला. रोहिणी दोघींच्या पुढं येऊन अगदी नम्रपणे म्हणाली, "महाराज, मग एक उपाय करू. इथं सगळ्यात पुण्यवान माझी आई. चाळीस वर्षांत तिचा एक चतुर्थीचा उपास चुकलेला नाही. तिला दीक्षा द्या. तिच्या बोटानं कुलूप जागं होईल."

महाराजांना ही तर मोठीच सोय झाली. "जरूर, जरूर! या मातोश्री!" म्हस्कूंनी पोहे कसेबसे संपवून बशी कुणाच्या तरी हातात दिली आणि हात झोळीत घातला.

छबूबाईंनी हात पदराला पुसला, कुलपाला नमस्कार केला आणि बोट टेकवलं.

टूं टूं टूं. लाल.

पुन्हा. लाल. अंगठा. लाल. डावा हात. लाल.

महाराज सवयीने बोलून गेले, "मातोश्री, काय केलंय ते आठ..." आणि तिथंच थांबले. पण उशीर झाला होता.

"काय म्हनलात?" सोपानतात्या पुढं आले. "माझ्या छबूनं पाप क्येलं? उसाच्या फडात पोर पाठीला बांधून खुरपलं तिनं. माझी म्हातारी दोन वर्षं अंथरुणाला व्हती, तिचं सगळं ह्याच हातांनी क्येलं. तिच्या हातावर लाल दिवा?"

आणि एवढं बोलून तात्या दोन पावलं मागं सरले. कारण त्यांची नजर सारजाकडे गेली होती. हाच लाल दिवा तिच्या हातावर लागला, तेव्हा आपण काय केलं, हे त्यांना आत्ता दिसलं.

"तात्या, कुलपावर चिडू नका," रोहिणी म्हणाली. "त्याची काही चूक नाही. काल आईच्या आधारचं काम होतं, सेवा केंद्रातल्या मशीननेही तिचा अंगठा पाच वेळा नाकारला. तिथला मुलगा काय म्हणाला, आई?"

"म्हनला, काकू, तुमची बोटं झिजली."

"इथं किती जणांच्या घरी रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही?"

आधी एक हात वर आला, मग तीन, मग पंधरा-वीस. बहुतेक म्हाताऱ्या आणि कामकरी बायकांचे.

"मग रेशनवाला तुम्हाला पापी म्हणतो का?"

"न्हाय बा. उद्या या म्हनतो," एक आजी म्हणाली, आणि सगळे हसले.

रोहिणीने पिशवीतून शाईचं पॅड आणि कोरा कागद काढला. शाळेत पालकांचे अंगठे घ्यायला तिच्याकडे तो कायम असतो. आधी आईचा अंगठा उमटवला, मग सारजाचा. कागदावर दोन निळे ठिपके, गुळगुळीत. रेघ म्हणून नाही. "राख, सोडा, कढत पाणी, ऊस, खुरपं. यानं बोटावरच्या रेषा घासून जातात. कुलूप त्या रेषा वाचतं. रेषाच नसतील तर ते बिचारं वाचणार काय? आता महाराज, तुमचा अंगठा."

"आमचा कशाला?"

"पुण्यवान अंगठा कसा असतो ते बघू की!" मागून आवाज आला. दोघातिघांनी प्रेमाने महाराजांचा हात पुढं आणला.

कागदावर अंगठा उमटला आणि बघणारे वाकून वाकून बघू लागले. एकेक रेघ मोजून घ्यावी इतकी लख्ख, शंखचक्रासकट.

"आगं बया," छबूबाई म्हणाल्या, "ह्या हाताला जन्मात काम लागल्यालं दिसत न्हाय!"

अंगणात हशा उसळला. महाराजांनी हात कफनीत लपवला. "आणि मंत्रानं दार उघडायचं, त्याचं काय?" एक मालक अजून आशेवर होता.

"ते पोह्यांनी सांगितलं ना मघाशी," रोहिणी हसली. "म्हस्कूकाकांचे दोन्ही हात गुंतले आणि देव झोपला. काका, झोळीतला मोबाइल काढता का?"

म्हस्कूंनी महाराजांकडे बघितलं, मग रिकाम्या बशीकडे. खाल्ल्या पोह्यांना जागावं असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मोबाइल काढून छबूबाईंच्या हातात दिला. त्यावर बारा चौकोन होते, एक ते बारा आकडे घातलेले.

"आई, चारवर बोट ठेव. इथं रेषा लागत नाहीत."

टिंग! चार नंबरचं दार वीतभर उघडलं.

"छबूबाई महाराज की..." कुणीतरी ओरडलं, आणि जय म्हणता म्हणता लोक पोट धरून हसले.

पुढचं सगळं रोहिणीने वर्गात समजावतात तसं सांगितलं. सात वेळा बोट टेकवणं म्हणजे दीक्षा नाही, बोट नोंदवायची ती पद्धतच आहे. कुलपाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. नैवेद्य म्हणजे नवे सेल. केविलवाणं ओरडणं म्हणजे जुने सेल संपत आल्याची सूचना. यंत्राच्या पितळी पत्र्याखाली कंपनीचं नाव झाकलंय. आणि दार आपोआप आत जातं ते...

"चौकट तिरकी हाय म्हनून," सोपानतात्या खालच्या आवाजात म्हणाले. "मलाच ठावं व्हतं."

त्यांनी बारामतीच्या दुकानदाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. "तात्या," दुकानदार म्हणाला, "मी तुम्हाला पहिलाच प्रश्न तो विचारला होता. ॲडमिन कोण? ज्याच्या मोबाइलवर ते बारा चौकोन, त्याला बाराही खोल्या कधीही उघडता येतात. तुम्ही कामावर असा, गावाला असा."

हसू एकदम थांबलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. इतके दिवस ज्याला पापाची भीती दाखवायला आणलं होतं, त्याच्याच शिष्याच्या झोळीत सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या होत्या. महाराज तेवढ्यात हळूच मोटारीकडे सरकत होते, पण गळ्यातल्या किल्ल्या वाजल्या आणि सापडले. पोलीस येईपर्यंत त्यांना पायरीवर बसवलं. चार नंबरच्याच.

"आन् रणजित," छबूबाई वळल्या, "तुजा दिवा हिरवा लागला ते बरं झालं. पर मघाशी पोह्यांना पानी घ्यायला आले, तवा तुज्या मोरीत ती रबरी नळी कशाला रं टांगली व्हती?"

रणजितला अचानक काम आठवलं. पण त्याची गाडी मोटारसायकलवाल्यांनी घेरली होती.

जाण्याआधी रोहिणी एवढंच म्हणाली, "तुम्ही चौकट बघितलीत, अंगठे बघितलेत, पेट्रोल कोण नेतं तेही तुम्हाला ठाऊक होतं. तरी एका लाल दिव्यावर एका बाईला दीड महिना पायरीवर बसवलंत. एकानेही असं विचारलं नाही की हे का होतंय, आणखी कुणाला होतं का, उघडून बघू का. यंत्राला विचारा, बाबाला विचारा, मलासुद्धा विचारा. पण पुरावा मागितल्याशिवाय कुणाला चोर म्हणू नका."

सोपानतात्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा छबूबाईंनीच अडवलं. "नुसतं तोंडानं नगं. उद्या एक ते तीन त्या पायरीवर बसा. मग मागा."

सोमवारी सकाळी बाकीच्या अकरा कुलपांचा कारभार त्या मोबाइलवरून काढला आणि चार नंबरला नवं कुलूप बसलं. आकड्यांचं, अडीअडचणीला साधी किल्ली असलेलं. दुपारी एक वाजता सोपानतात्या, कारखान्याचे सभासद, पागोटं घालून चार नंबरच्या पायरीवर जाऊन बसले. ऊन तोंडावर येत होतं. येणारा जाणारा विचारायचा, "तात्या, हितं का?" पहिल्या दोघांना तात्यांनी कारण सांगितलं. तिसऱ्यापासून ते पागोटं पुढं ओढून घेऊ लागले. पाऊण तासात कंबर धरली. आणि आपण खरंच काहीतरी चोरलंय की काय, असं वाटू लागलं. ही बाई इथं रोज बसत होती.

तीनला सारजा आली. तात्या उठले.

"सारजे, पोरी, माझं चुकलं. मला मानूस वळखायचा कंटाळा आला व्हता, म्हनून म्या कुलपावर सोपवलं." त्यांनी दोन किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. "दोन्ही तुझ्याकडं. जाशील तवा दे. आन् तुझा आकडा तू घाल. दुकानदार म्हनला, मालकानं बघायचा नसतो."

असं म्हणून तात्या तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, अंगणाकडे तोंड करून, हात मागे बांधून. मागं चार वेळा बटणं दाबल्याचा आवाज झाला.

टिंग.

या वेळी कुणी हात जोडले नाहीत. दार आपल्या सवयीने वीतभर आत गेलं. सारजा डबा घेऊन घरात गेली, आणि आतून म्हणाली, "तात्या, ही चौकट तेवढी नीट करून घ्या."